नव्या दारांना कोणते रोगण?

नव्या घराची दारे सुताराच्या हातून सुटली, की ती सगळ्या गोतावळ्याच्या तोंडी सापडतात. आमची सहा दारे महिनाभर कोरीच भिंतीला टेकून उभी होती, तेवढ्यात घरात तीन पक्ष पडले. सासूबाईंना आरशासारखी लकाकी हवी होती. ह्यांचा कौल पीयूला, म्हणजे पॉलियुरेथेनला. कारण कचेरीतल्या टेबलाला तेच आहे आणि इतकी वर्षे त्यावर चहाचे पेले आपटूनही ओरखडा नाही. मुलीचे म्हणणे, लाकूड लाकडासारखे दिसू द्या, काही लावूच नका. सुतारमामा कुणाच्याच बाजूचे नव्हते. ते एवढेच म्हणाले, "ताई, लावायचं ते लावा, पण माझं लाकूड झाकू नका."

'माझं लाकूड' म्हणण्याचा हक्क खरे तर आमचा. पुण्याच्या पेठेतला आमचा वाडा उतरवला, तेव्हा त्याच्या सागवानी तुळया जुन्या बाजाराच्या वाटेला जाऊ दिल्या नव्हत्या. त्याच चिरून ही दारे झाली. असे गडद, घट्ट लाकूड आज हवे तेव्हा मिळत नाही. कोवळ्या झाडांचे फिकट सागवान पुष्कळ मिळते. आणि भलतेच काही चढवले, तर ते खरवडून काढताना लाकडाचाही थर निघतो. तेव्हा हा प्रश्न मी जरा नेटाने हाती घेतला.

मराठी शिकवण्याची सवय. सुरुवात शब्दापासूनच होणार! 'रोगण' हा शब्द फारसीतून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ तेल किंवा तूप. म्हणजे जवसाच्या तेलात राळ शिजवून केलेले व्हार्निश हे खरे रोगण. आपल्या घरांतून ज्याला नुसते 'पॉलिश' म्हणतात, त्या फ्रेंच पॉलिशचा मात्र तेलाशी संबंध थोडा. ती आपली लाख. कुसुम-पळसाच्या फांद्यांवर बारीक किडे जो पदार्थ पाझरतात, तो वितळवून, पापडासारखा पातळ ओढून त्याची चपडी करतात. बांगड्या, मोहोरा आणि आजोबांच्या काळच्या जुन्या तबकड्या, सगळ्यांत हीच. राँचीजवळ नामकुमला १९२४ साली तिच्यासाठी संशोधनसंस्था निघाली. नाव तेवढे फ्रेंच, माल आपला!

कृती सोपी आहे. एक लिटर स्पिरिटात सुमारे अडीचशे ग्रॅम चपडी रात्रभर भिजत घालावी. बरणी काचेची घ्यावी, लोखंडी डब्यात ती काळवंडते. सकाळी फडक्यातून गाळावी. लावायची ती ब्रशाने नव्हे, कापसाचा बोळा मलमलीत बांधून, एकावर एक पातळ हात देत. द्रावण ताजेच हवे. वर्षभर पडून राहिलेल्या बाटलीतली लाख नीट वाळत नाही, बोटाला चिकटत राहते.

या लाखेचा मोठा गुण असा, की ती दुरुस्त होते. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, सांधा दिसत नाही. दोषही त्याच गुणाच्या पोटातला. जी स्पिरिटात विरघळते ती स्पिरिटालाच भिते. २०२० साली करोनाच्या भीतीने लोकांनी दिवसातून चार वेळा कड्या-मुठी सॅनिटायझरने पुसल्या, आणि पुष्कळ दारांची मुठीभोवतीची चकाकी उतरली. बिचाऱ्या सॅनिटायझरचा दोष नाही. त्यात मद्यार्क असतो आणि लाख त्यातच विरघळते. गरम भांडे आणि साचलेले पाणीही तिला सोसत नाही, पांढरा डाग पडतो.

तेलाचे व्हार्निश अधिक चिवट. लाकडाला मधासारखी उबदार झाक देते, पुढे आणखी पिवळे होते, आणि एकेक हात वाळायला रात्र घेते. सागवान मुळात तेलकट; त्यामुळे त्यावर ते कधी कधी वाळतच नाही. आधी थिनरच्या फडक्याने दार पुसून लगेच पहिला पातळ हात द्यावा. आणि एक गोष्ट प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावी: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते, आणि काडी न ओढताही फडके पेट घेते. दुर्योधनाला लाक्षागृह उभारायची खटपट करावी लागली. आपल्याकडे माळ्यावरचा एक बोळा पुरे! फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवावीत.

पीयू सर्वांत टणक. पाण्याला, उष्णतेला, पोराबाळांच्या खेळण्यांना दाद देत नाही. पण चांगले पीयू दोन डब्यांचे असते. दोन्ही मिसळले की काही तासांत संपवावे लागते, आणि त्याच्या हार्डनरची वाफ छातीला वाईट. फवारा मारायचा असेल तर कारागिराच्या तोंडावर योग्य मुखवटा हवा, साधा रुमाल नव्हे. आणि घरात दम्याचा माणूस असेल तर त्याने ते दिवस दुसरीकडे काढावेत. शिवाय पीयूला ओरखडा गेला, तर तेवढाच भाग गुपचूप बुजवता येत नाही. फळी घासून नवा हात द्यावा लागतो.

इतके कळल्यावर पक्षांचा निकाल लावणे जड गेले नाही. मुलीची सूचना पहिल्यांदा बाद झाली, कारण कोऱ्या लाकडावर मुठीभोवती हाताचा घाम महिनाभरात काळी चंद्रकोर काढतो. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर या दोन दारांना पीयू, तेही बिनचकाकीचे. बाकीच्या चारांना लाख. देवघराच्या दाराला सासूबाईंच्या मनाजोगे हात चढवले, आणि आता त्यात खरोखर चेहरा दिसतो. झिलईदार दारात खाचखळगेही तेवढेच दिसतात, हे मी त्यांना सांगितले नाही.

पण कोणतेही रोगण घ्या, निम्मे काम काचकागदाचे आहे. आधी ८० नंबर, मग १२०, मग १८०; आणि घासायचे ते लाकडाच्या रेषेबरोबरच. आडवे घासलेले ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, पहिला हात बसला की उठून दिसतात. सागाची धूळ नाकाला झोंबते, तोंड बांधून बसावे. लाकडाची छिद्रे भरायला खडूची पूड वापरतात. तीत पिवडी आणि गेरू लाकडाच्या रंगाला मिळेल इतके मिसळावे, नाहीतर रेषारेषांतून पांढरे डोकावते. दोन हातांमध्ये ३२० नंबर हलकेच फिरवावा. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर सगळे हात देऊन रंग पाहावा. दुकानातल्या नमुन्याचे लाकूड आपले नसते.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे दाराची डोकी आणि तळ. बहुतेक ठिकाणी दार चौकटीत बसवून मगच रंगवतात, आणि वरची-खालची कड कोरी राहते. ती कुणाला दिसत नाही, पण लाकडाची उघडी तोंडे तिथेच असतात आणि पावसाळी दमट हवा तिथूनच आत शिरते. मग जुलैत दार अडते, सुतार येतो, रंधा मारतो, आणि ताजी कोरी कड उघडी ठेवून जातो. पुढच्या जुलैत पुन्हा सुतार. आमची दारे घोड्यांवर आडवी ठेवून सहाही अंगांनी रोगण घेऊन मगच बिजागऱ्यांवर गेली. आडव्या दारावर ओघळही येत नाहीत.

हिशेब हवा असेल तर असा: सात फूट बाय तीन फुटांचे दार, दोन्ही बाजू मिळून सुमारे चार चौरस मीटर. लिटरभर व्हार्निश दहा-बारा चौरस मीटरला एक हात देते. तीन हातांना दारामागे लिटरभर धरावे.

आता मुहूर्ताचे. दसरा उलटला की ज्याला त्याला दिवाळीच्या आत पॉलिश हवे असते आणि मिस्त्री कुणाच्याच हाती लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी याहून घाई झाली. गणपतीच्या आत म्हणून भर श्रावणात लाख चढवली. दमट हवेत स्पिरिट भराभर उडते, पृष्ठभाग गार होतो, हवेतले पाणी त्यावर बसते, आणि दाराला ताकासारखी दुधाळ झाक येते. तिथे तसेच झाले. त्यापेक्षा दिवाळी कोऱ्या दारांवर काढून कार्तिकातल्या कोरड्या हवेत काम धरलेले बरे. पाहुण्यांना फराळ चांगला मिळाला तर ते दारांकडे पाहतही नाहीत.

आणि दिवाळीच्या आतच काम झाले असेल, तर तोरण चिकटपट्टीने लावू नका. वरून वाळलेले व्हार्निश आतून पुरते कडक व्हायला आणखी काही आठवडे लागतात. पट्टी ओढताना पापुद्रा तिच्याबरोबर येतो. चौकटीच्या माथ्यावर दोन खिळे आधीच ठोकून घ्या, पुढच्या दसऱ्यालाही कामाला येतील.