आज्ञेच्या ओळीवरील अंकांची पारख

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे दोन जिल्हे महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत कन्नड, मराठी आणि उर्दू या भाषा एकाच बाजारात नांदतात. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन झाले व हा मुलूख म्हैसूर राज्यात आला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. साहजिकच येथे एकच संख्या कधी देवनागरी अंकांत, कधी कन्नड अंकांत, तर कधी आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिली जाते. माणसाच्या नजरेला याची सवय होते. संगणकाला मात्र ती मुद्दाम लावावी लागते.

कलबुर्गीची तूर प्रसिद्ध आहे. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, तुरीचे निव्वळ वजन काढणारी एक छोटी आज्ञावली आहे. संगणकाच्या आज्ञेच्या ओळीवर प्रथम आज्ञावलीचे नाव टंकायचे आणि त्यापुढे तीन गोष्टी द्यायच्या : शेतकऱ्याचे नाव, एकूण वजन आणि बारदानाचे वजन. या तीन गोष्टींना आर्ग्युमेंट म्हणतात. एकूण १२१२ किलो आणि बारदान १२ किलो असेल, तर उत्तर १२०० किलो यावयास हवे. वजाबाकी सोपी आहे. अडचण आहे ती उंबरठ्यावर.

ही आज्ञावली हॅस्केल या भाषेत लिहिली आहे असे मानू. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव धारण करणारी ही भाषा १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. ती फलनप्रधान आहे. फलनाला तीच सामग्री दिली की तेच उत्तर मिळते. त्यात बाहेरच्या जगाची ढवळाढवळ नसते. पण आज्ञेच्या ओळीवर कोण काय टंकील, हे आधी सांगता येत नाही. म्हणून ते शब्द आत आणणारी ‘गेटआर्ग्ज’ ही क्रिया शुद्ध फलनांपासून वेगळी ठेवलेली असते. ती शब्दांची एक यादी हाती देते. त्या यादीत संख्या नसतात. १२१२ हीसुद्धा तेथे केवळ चार चिन्हांची माळ असते.

पहिली पारख यादीच्या लांबीची. तीन शब्द असतील तर पुढे जावे. एरवी आज्ञा कशी द्यावी हे सांगून थांबावे, आणि थांबताना शून्याहून वेगळा संकेतांक मागे ठेवावा, कारण शून्य म्हणजे काम सुरळीत झाले असा संकेत आहे. येथे एक खोच आहे. शेतकऱ्याचे नाव आणि आडनाव यांत मोकळी जागा सोडली, तर त्यांचे दोन शब्द होतात आणि यादी चारांची बनते. म्हणून पूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्यावे लागते.

दुसरी पारख संख्येची. हॅस्केलमधील ‘रीडमेबी’ हे फलन शब्दाची संख्या करून पाहते. जमले तर ती संख्या ‘जस्ट’ या वेष्टनात मिळते, न जमले तर ‘नथिंग’ मिळते. उत्तर नाही, हेही येथे एक उत्तरच असते, आणि त्याचा विचार करणे आज्ञावलीला भाग पडते. परंतु मराठी कळफलकावर टंकलेले देवनागरी १२ या फलनाला दिले, तर हाती ‘नथिंग’च येते! त्याला केवळ आंतरराष्ट्रीय अंकच ओळखता येतात.

यावर उपाय अवघड नाही. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ असून पुढचे नऊ अंक त्यामागे ओळीने येतात. कन्नड शून्याचा क्रमांक ३३०२, आंतरराष्ट्रीय शून्याचा ४८. चिन्हाच्या क्रमांकातून त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा केला की अंकाची किंमत मिळते. दोन-चार ओळींचे असे फलन लिहिले की तिन्ही लिप्यांतील बारा एकच होतात.

तिसरी पारख अर्थाची. एकूण वजन आणि बारदान यांची अदलाबदल झाली, तर दोन्ही संख्या शुद्धच असतात. उत्तर मात्र उणे १२०० येते. म्हणून बारदान एकूण वजनापेक्षा कमी आहे ना, हे पाहावे. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक संख्येआधी तिचे नाव टंकण्याची सोय करावी. मग क्रम चुकला तरी घोटाळा होत नाही.

न कळलेला शब्द शून्य मानून पुढे जाणे हा सर्वांत सोपा मार्ग दिसतो. पण त्या शून्यात शेतकऱ्याच्या हंगामाचे मोल बुडू शकते. आणि उत्तर तर नीटनेटके छापलेले असते, म्हणून शंकाही कोणाला येत नाही. स्पष्ट नकार मिळाला तर माणूस आज्ञा पुन्हा नीट टंकतो. सीमेवरच्या बाजारासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने तेथले सर्व अंक ओळखावेत, आणि जे ओळखता येत नाही त्याबद्दल अंदाज न बांधता तसे स्पष्ट सांगावे.