दप्तरात हत्यारांचीही नोंद हवी



माल बिघडला की दोष कोणाचा, हा कारखान्यातला जुना प्रश्न. आम्हां कामगारांचा अनुभव असा की, हत्यार तपासण्याआधी माणसाला जाब विचारला जातो. संगणकाच्या धंद्यातही तोच प्रश्न आहे.

प्रोग्रॅम लिहिणारा माणसाला वाचता येईल असा मजकूर लिहितो. त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतो तो कंपायलर. त्याच्या जोडीला तुकडे सांधणारा लिंकर आणि तयार कोडचे संग्रह असतात. हा झाला हत्यारांचा संच. मजकुरातील प्रत्येक फेरफार टिपणारे दप्तरही असते; लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेले 'गिट' हे असेच एक दप्तर.

आता गोम अशी की, मजकूर तोच असूनही दोन यंत्रांवर माल निराळा निघू शकतो. एकाकडे कंपायलर जुना, दुसऱ्याकडे नवा. शिवाय कंपायलर आपले साहित्य ठरावीक पत्त्यांवर शोधतो. त्या पत्त्याला पाथ म्हणतात. तिथे भलतीच आवृत्ती सापडली, तर पुष्कळदा तो तक्रार न करता तीच उचलतो. म्हणून जीसीसी या कंपायलरला 'सिसरूट' देऊन, साहित्य अमुक फोल्डरातूनच घे, असे बजावता येते. तयार मालातही कधी कधी बनवणाऱ्याच्या फोल्डराचा पत्ता उमटतो. तो बदलून टाकण्याची सोय जीसीसीच्या आठव्या आवृत्तीत, २०१८ साली, अधिक व्यापक झाली.

मग सगळा संचच दप्तरात का ठेवू नये? ठेवावा; पाच वर्षांपूर्वीचा माल त्याच हत्याराने पुन्हा घडवता येतो. पण संच शेकडो मेगाबाइटांचा असू शकतो आणि गिट जुनी प्रत टाकून देत नाही. दर नव्या संचाने ओझे वाढते, आणि पूर्ण दप्तर उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला ते वाहावे लागते. म्हणून मधला मार्ग असा : संच वेगळ्या कोठारात जपावा; दप्तरात त्याची आवृत्ती आणि अंकरूपी ठसा नोंदवावा. संचात एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही.

ठसा जुळला म्हणजे हत्यार प्रामाणिक ठरले, असे मात्र नव्हे. मूळ मजकुरात मागमूस न ठेवता कंपायलरच चोरवाट घालू शकतो, हे केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले. ते व्याख्यान १९८४ साली छापून आले. म्हणून निरनिराळ्या माणसांनी तोच माल स्वतंत्रपणे घडवून ताडून पाहावा, अशी खटपट डेबियन प्रकल्पात २०१३ पासून चालली आहे.

रुग्णालयातील यंत्र काय, बँकेचा हिशेब काय, आपला जीव आणि पैसा या मालावर अवलंबून आहे. तो बिघडला तर लिहिणाऱ्याला जाब जरूर विचारा. पण त्याच्या हाती कोणते हत्यार होते, त्याची नोंदही त्याच वेळी मागा.