पायांवरील सूज : कारणे व काळजी

आपल्या सभासद-कुटुंबांत पायांवरील सुजेची तक्रार ठाऊक नाही असे घर विरळाच. सणासुदीला दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या गृहिणी, कचेरीत खुर्चीवर दिवस काढणारे नोकरदार, दूरच्या प्रवासाहून परतलेले वृद्ध, सर्वांचीच ही तक्रार. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे एखादा लेप, थोडे तेल चोळणे आणि “वय झाले, चालायचेच” असे म्हणून स्वस्थ बसणे. आमचे सांगणे एवढेच की, सूज हा स्वतः रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. कारण न शोधता केलेला उपचार व्यर्थ जातो आणि प्रसंगी घातकही ठरतो.

पायांत उतरलेल्या रक्ताला हृदयाकडे परतताना चढण चढावी लागते. शिरांतील झडपा ते खाली घसरू देत नाहीत व चालताना आवळणारे पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात. माणूस तासन् तास उभा वा बसून राहिला, अथवा झडपा निकामी होऊन शिरा फुगल्या, की रक्तातील पाणी पाझरून घोट्याभोवती साचते. तेथे अंगठ्याने काही क्षण दाबून पाहावे. खळगा तसाच राहिला तर पाणी साचले आहे असे समजावे.

यानंतर पाहावयाचे ते हे की, सूज एका पायास आहे की दोन्ही पायांस.

दोन्ही पाय सुजले असून आडवे पडताच धाप लागत असेल, तर हृदयाची शंका घ्यावी. सकाळी पापण्या सुजत असतील वा लघवीस फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची; पोटही फुगत असेल, तर यकृताची. तीव्र रक्तक्षयानेही सूज येते. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन व काही वेदनाशामक गोळ्या यांनीही पाय सुजतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस विचारावे. गरोदरपणी थोडी सूज स्वाभाविक असते. परंतु तोंड व हात अचानक सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, विशेषतः शस्त्रक्रिया, बाळंतपण, अंथरुणावरील दीर्घ विश्रांती वा लांबचा प्रवास यांनंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. असा पाय मुळीच चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास जिवावर बेतते. म्हणून तत्काळ रुग्णालय गाठावे. पाय लाल व गरम होऊन ताप आला, तर जंतुसंसर्ग समजावा. मधुमेह्यांनी तर एक दिवसही दवडू नये.

आपल्या हैदराबादेभोवतालचा तेलंगण, तसेच बिदर व कलबुर्गी या भागांत हत्तीरोग पूर्वापार आढळत आला आहे. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास त्याचे जंतू पसरवितात. 1955 साली देशात त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 2004 पासून बाधित जिल्ह्यांत वर्षातून एकदा सामुदायिक औषधोपचार होऊ लागला. “मला काय झाले आहे?” असे म्हणून कित्येक जण त्या गोळ्या फेकून देतात. परंतु रक्तात जंतू असूनही वर्षानुवर्षे माणूस धडधाकट दिसतो आणि पाय एकदा जाड झाला की गोळ्यांनी तो पूर्ववत होत नाही. अशा रुग्णाने पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या व भेगांवर उपचार करावे. त्यामुळे वारंवार येणारा ताप व वाढती सूज यांस आळा बसतो.

साध्या सुजेस घरचे उपाय पुरेसे होतात. दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पाय उशीवर, छातीहून उंच ठेवून पडावे. मध्येच उठून चालावे. ते न जमल्यास बसल्या जागी पावले वर-खाली करावी. मीठ दिवसाकाठी 5 ग्रॅमच्या आत असावे. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही त्यातच मोजावे. दाब देणारे मोजे उपयुक्त खरे, पण पायाचा रक्तपुरवठा तपासल्याखेरीज ते वापरू नयेत. पाणी कमी करणे अथवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणे, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

घरातील वडीलधारी माणसे आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाहीत. तेव्हा मुला-सुनांनीच अधूनमधून त्यांच्या पायांकडे पाहावे आणि सूज दिसताच तपासणी करून घ्यावी, अशी आमची सर्व कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.