आत या, मुखवटा घाला

नाताळ जवळ आला की वसईच्या माणिकपुरात गोठ्याची तयारी सुरू होते. ताटलीत पेरलेली नाचणी आठ-दहा दिवसांत बेथलेहेमची हिरवी शेतं होते. जोडीला पेंढा, बांबू, रंगवलेलं गोणपाट, दिव्यांची माळ. बघणारा मात्र बाहेरच उभा. त्याला देखाव्याच्या पोटात घेतलं की मांडणशिल्प होतं. पण त्यात कार्निव्हल हवा असेल तर तेवढ्यानं भागत नाही; बघणाऱ्यानंही खेळात उतरायला हवं.

गोव्यात पूर्वी इंत्रुजला, म्हणजे कार्निव्हलला, शेजारी एकमेकांवर पीठ नि रंगीत पाणी उडवत. नुसतं बघायला आलेलाही सुटत नसे. 1965 पासून पणजीत कार्निव्हलच्या मोमो राजाची चित्ररथ-मिरवणूक निघू लागली. देखणीच, पण लोक रस्त्याच्या कडेला गेले.

उलटी वाट धरली ब्राझीलच्या एलिओ ओइतिसिकानं. 1964 मध्ये रिओच्या मांगेरा वस्तीत तो सांब्यात रमला आणि कापड-प्लास्टिकचे झगे शिवू लागला. नाव ‘पारांगोले’. ते अंगावर घालून कुणी नाचल्याशिवाय कलाकृती पुरीच होत नाही! पुढच्याच वर्षी मांगेराचे नर्तक हे झगे घालून आधुनिक कला संग्रहालयात आले, तर त्यांना आत घेतलं नाही; नाच बाहेर झाला. 1967 मध्ये त्याच संग्रहालयात त्यानं ‘त्रोपिकालिया’ मांडलं: पायाखाली वाळू-खडी, भोवती झाडं, जिवंत पोपट, अंधाऱ्या बोळाच्या टोकाला चालू टीव्ही.

पण ब्राझील कशाला? आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याला बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव आहे. रात्री संबळाच्या तालावर सोंगं निघतात आणि टेंभा हलला की रावणाचा चेहरा हलतो. प्रकाशयोजनेचा धडा इथंच घ्यावा. वरून पांढरा एलईडी मारला की मुखवट्याचा पुठ्ठा होतो; दिवा एकच, खाली, बाजूला हवा.

आपल्या गोठ्यातल्या मुखवट्यांना रद्दी पुरते. रात्रभर भिजवायची, कुटायची, त्यात मेथ्यांचं पीठ आणि डिंक घालून लगदा पालथ्या मडक्यावर थापायचा. टोपल्या लिंपणाऱ्या आज्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गोठ्याचं दार मुद्दाम बुटकं ठेवावं, वाकूनच शिरता येईल असं. दाराशी मुखवटे टांगावेत; हातात घेतल्याशिवाय प्रवेश नाही. आत सेल्फी पॉइंट नको. तो आला की पुन्हा रांग, पुन्हा बघे. बाहेर पडायची वाट मात्र वेगळी आणि रुंद हवी. कारण पेंढा आणि वायरिंग एकाच छपराखाली आहेत.

आणखी एक. पहिल्याच रात्री मुखवटे आतून घामानं ओले होतील. मागच्या अंगाला वाळवणाची दोरी आधीच बांधून ठेवावी.