कमरेतून दिली जाणारी भूल आणि तिची जोड-औषधे

"पिशवी काढावी लागेल," असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्या घरातील आई, बहीण वा वहिनी ऑपरेशनपेक्षा 'पाठीतल्या इंजेक्शना'लाच अधिक घाबरते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. भीतीचे मूळ बहुधा अज्ञानात असते. म्हणून या भुलेविषयी व तिच्या जोडीला वापरल्या जाणाऱ्या औषधांविषयी थोडी माहिती सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे आम्ही ठेवीत आहोत.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एक अरुंद पोकळी असते. तिला एपिड्युरल पोकळी म्हणतात. स्पेनचे लष्करी शल्यविशारद फिदेल पाजेस यांनी कमरेतून या जागी भूल देण्याची पद्धत १९२१ साली प्रसिद्ध केली. सुईतून एक बारीक नळी आत सरकवून बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे औषध सोडतात. पोट व पाय बधिर होतात, रुग्ण मात्र शुद्धीवर राहतो. नळी जागेवर ठेवल्यास ऑपरेशननंतरचे दुखणेही आवरता येते.

मग जोड-औषध कशासाठी? केवळ बधिरतेच्या औषधावर भिस्त ठेवली तर मात्रा वाढवावी लागते आणि रक्तदाब घसरतो. शिवाय गर्भाशय ओढले जाताना मळमळ व अस्वस्थता जाणवते. एकट्या बैलावर सारा भार न टाकता जोडी जुंपावी, तसाच हा प्रकार आहे.

यात मुख्य गट दोन. पहिला अफूवर्गीय औषधांचा. एपिड्युरल मॉर्फिनचा वेदनाशमनासाठी उपयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा परिणाम दीर्घकाळ, कधी दिवसभरही टिकतो. परंतु काही तासांनंतरही श्वास मंदावू शकतो, म्हणून रुग्णावर रात्रभर लक्ष ठेवावे लागते. फेंटानिल चरबीत लवकर विरघळते. त्यामुळे गुण लवकर येतो, पण काही तासांतच ओसरतो. खाज, मळमळ व लघवी अडकणे हे या गटाचे त्रास होत.

दुसरा गट क्लोनिडिन व डेक्समेडेटोमिडिनचा. ही औषधे मज्जारज्जूतील अल्फा-२ ग्राहकांवर काम करून वेदनेचा संदेश रोखतात. खाज येत नाही. मात्र नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, तोंड कोरडे पडते व गुंगी येते. योनिमार्गे गर्भाशय काढलेल्या ५० स्त्रियांवरील एक भारतीय अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोपिव्हाकेनसोबत डेक्समेडेटोमिडिन दिले असता क्लोनिडिनपेक्षा बधिरता लवकर आली व वेदनाशमन अधिक काळ टिकले. परंतु १९९९ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली ती अतिदक्षता विभागात शिरेतून गुंगी देण्यासाठी, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

तेव्हा सर्वांत चांगले औषध कोणते, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रुग्णासाठी, हे आधी विचारावे लागते. जिची नाडी मुळातच मंद आहे तिला दुसरा गट जपून द्यावा लागतो. झोपेत जोरात घोरणाऱ्या, श्वास अडकणाऱ्या स्त्रीला मॉर्फिन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई टोचण्यापूर्वीच विचार करावा लागतो, कारण आत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.

म्हणून भगिनींना आमची विनंती आहे की, चालू असलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञांना दाखवा, काही लपवू नका. इंजेक्शनच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. पण त्यामुळे जन्मभराची पाठदुखी लागते, या समजुतीला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. ऑपरेशननंतर दुखत असेल तर सोसत पडून राहू नका, परिचारिकेला सांगा.

आणि एक प्रश्न याही आधीचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली राज्य शासनाला करावी लागली. तेव्हा भूल कोणती, हे विचारण्यापूर्वी "हे ऑपरेशन खरोखर आवश्यक आहे काय?" हे विचारण्याचे धैर्य आपल्या प्रत्येक भगिनीच्या अंगी यावे, हीच आमची इच्छा.