वीज जाते, हिशेब कोण ठेवतो?

विजेच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होते: विजेचा दर आणि पुरवठा बंद राहण्याचे तास. एखादा सेकंद जाऊन लगेच परतणाऱ्या विजेची दखल या चर्चेत कोणी घेत नाही. दिवा मिचकावतो, पंखा आपल्या गतीने फिरत राहतो आणि माणूस ती गोष्ट विसरतो. टेबलावरच्या संगणकाला मात्र हा एक सेकंद पेलवत नाही.

याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. आपल्याकडील विद्युत्प्रवाहाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. प्रवाह तुटल्यास संगणकातील पॉवर सप्लायने १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. म्हणजे एका आवर्तनाचीही हमी नाही. हाती असलेले काम ज्या रॅममध्ये असते, ती स्मृती विजेच्या आधारावरच जगते. वीज तुटली की न साठवलेला मजकूर पुसला जातो, तो कायमचाच.

त्याच क्षणी डिस्कवर लेखन चालू असेल, तर संकट निराळे. नावे लिहून झाल्यावर जमा लिहिण्याआधीच कारकुनाच्या हातून लेखणी गळावी, तशी फाईल अर्धवट राहते. एनटीएफएस किंवा ईएक्सटी-४ यांसारख्या आजच्या व्यवस्था बदलाची नोंद आधी रोजकीर्दीत करतात आणि मग खतावणीत. त्यामुळे डिस्कची मांडणी सहसा सावरते. फिरत्या डिस्कचे शीर्षही उरलेल्या गतीच्या बळावर सुरक्षित जागी परतते. तेव्हा वीज गेली की यंत्र बिघडलेच, ही भीती अतिरंजित आहे. अधिक धोका वीज परतताना उसळणाऱ्या दाबाचा, किंवा यंत्राच्या मूळ प्रणालीचे नूतनीकरण चालू असताना वीज जाण्याचा. एरवी हानी होते ती यंत्राची नव्हे, माणसाच्या श्रमाची.

यावर यूपीएस हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. तो काही मिनिटांची उसंत देतो आणि काम साठवून यंत्र रीतसर बंद करण्यास तेवढी पुरते. पण त्याची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि ती पुन्हा विकत घ्यावी लागते. मोठी कार्यालये जनित्रे बसवितात. तालुक्याच्या गावी अर्ज टंकून देणारा, छोट्या पतसंस्थेचा लेखनिक, शाळेची संगणक प्रयोगशाळा यांना हा खर्च जड जातो. लॅपटॉपमध्ये बॅटरी अंगभूतच असते. टेबलावरचा संगणक स्वस्त म्हणून घेणाऱ्याला ती वेगळी घ्यावी लागते. तो वीजबिल भरतो आणि त्याच विजेच्या बेभरवशाचा विमाही स्वतःच उतरवतो. सार्वजनिक व्यवस्थेची उणीव अशी खाजगी खर्चात रूपांतरित होते आणि व्यवस्थेच्या ताळेबंदात ती कोठेच दिसत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये सेवेची मानके आणि भरपाई यांची तरतूद आहे. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत वीज वर्षभरात किती वेळा व किती काळ खंडित झाली, हे मोजण्यास सांगितले आहे. परंतु किती मिनिटांपुढचा खंड जमेस धरावयाचा, ही मर्यादा ठरविण्याची मुभाही त्याच नियमांत आहे. त्या मर्यादेच्या आतला खंड या हिशेबापुरता घडलेलाच नसतो. संगणकाला मात्र एक सेकंद आणि एक तास सारखेच.

प्रत्येक क्षणिक खंड टाळता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तारेला फांदी लागली, वीज कोसळली, तर प्रवाह क्षणभर तोडून पुन्हा जोडणारी यंत्रणाच पुढचा दीर्घ अंधार टाळत असते. म्हणून मागणी निर्दोष पुरवठ्याची नाही, ती नोंदीची आहे. प्रत्येक फीडरवर महिन्यात असे किती क्षणिक खंड पडले, हे दीर्घ खंडांच्या बरोबरीने जाहीर व्हावे. शाळांना संगणकासाठी अनुदान देताना बॅटरी बदलण्याचा आवर्ती खर्चही त्यात धरावा. जे मोजले जात नाही, त्याच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात रक्कम पडत नाही. तोवर त्या सेकंदाची किंमत ग्राहक मुकाट्याने भरीत राहणार.