पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग जमलं?

बॅले बघताना आपल्याला दिसतं ते तरंगणं. बोटांच्या टोकावर तोललेलं सगळं शरीर आणि चेहऱ्यावर श्रमाचा मागमूस नाही. त्यामागे रोज कित्येक तासांची घाम काढणारी प्रॅक्टिस असते. म्हणजे भूक खेळाडूची आणि ताटात मात्र सॅलडची चार पानं!

हे उपाशी राहणं शिस्त म्हणून खपवलं जातं, हे जास्त वाईट. व्हिएन्ना स्टेट ऑपेराची बॅले अकादमी नावाजलेली. २०१९ मध्ये तिथल्या कारभाराची चौकशी झाली, तेव्हा बारीक राहण्यासाठी विद्यार्थ्यांना सिगारेट ओढण्याचा सल्ला दिला जायचा, असं समितीच्या अहवालात आलं. शाळकरी मुलांना!

खाणं कमी आणि खर्च जास्त झाला की शरीर काटकसर करायला लागतं. मुलींमध्ये बऱ्याचदा कात्री लागते ती पाळीला. 'बरं झालं, कटकट गेली' असं वाटतं. काहींना तर ती मेहनतीची पावतीच वाटते. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन घटलेलं असतं आणि हाडं कमकुवत होत असतात. त्यात सराव बंद स्टुडिओत, म्हणजे उन्हाची आणि ड जीवनसत्त्वाची बोंब. मग त्याच त्या उड्या मारून पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो, तो स्ट्रेस फ्रॅक्चर. हाडं भक्कम होतात ती मुख्यतः याच वयात. आता बुडालेलं पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' हे नाव दिलं, तेही मुलग्यांना धरून. त्यांना पाळीसारखी खूण नसते, एवढंच. 'ये बॅले' (२०२०) हा सिनेमा बघून क्लास लावला असेल, तर लक्षात घ्या, पार्टनरला डोक्यावर उचलायचं काम अर्धपोटी होत नाही.

मग खायचं काय? फार भारी काही नाही. क्लासच्या दोन-तीन तास आधी पोळी-भाजी, वरण-भात. ब्रेकमध्ये केळं किंवा चिक्की. नंतर दूध, अंडं, उसळ, जे मिळेल ते. आणि हो, भात बंद करायचा नाही!

तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. रोज किती तास नाचता आणि काय खाता, हे न विचारताही सांगा. गोळ्या घेऊन रक्तस्राव सुरू होईलही; पण कमी पडलेलं जेवण त्या गोळीत नसतं.